मुलींनो, आपले वय परत मागा

बोरगावच्या मुलींनो! सौंसर, मोहगाव, लोधीखेडा, रामाकोना, पांढुर्णा या गावांत, जाम आणि कन्हान नद्यांच्या मुलुखात वाढणाऱ्या माझ्या कन्यांनो! आज मी तुमच्या अभ्यासाविषयी बोलणार नाही, तुमच्या वागणुकीविषयी बोलणार नाही, तुमच्या कपड्यांविषयी तर मुळीच बोलणार नाही. त्याविषयी बोलणारे गावोगाव पुष्कळ आहेत. मी बोलणार आहे तुमच्या मालमत्तेविषयी. होय, तुमचीही मालमत्ता आहे! तिचा खसरा नाही, तहसिलात तिची नोंद नाही, बँक तिच्यावर कर्ज देत नाही. तरीही बापाच्या संत्र्याच्या बगीच्याहून ती मोलाची आहे. दहाव्या वर्षापासून अठराव्या वर्षापर्यंतची तुमची आठ वर्षे, हीच ती मालमत्ता. शिकण्याची, खेळण्याची, चुकण्याची, धावण्याची, कोणाच्याही नजरेची पर्वा न करता हसण्याची ही आठ वर्षे आज सर्वांदेखत, दिवसाढवळ्या, गाणी वाजवून लुटली जात आहेत. आणि लुटणाऱ्याला आपण सारे टाळ्या देत आहोत!

ही लूट होते कशी? बाप बोरगावच्या औद्योगिक क्षेत्रात ड्यूटीवर गेलेला असतो. माय कापूस वेचायला किंवा संत्र्याच्या तोडीला गेलेली असते. घरात आजी, धाकटा भाऊ आणि तुम्ही. तुमच्या हातात मोबाईल असतो, कारण २०२० च्या टाळेबंदीत शाळाच त्याच्यातून आली होती. शाळा आपल्या इमारतीत परत गेली, मोबाईल मात्र हातातच राहिला. घरात वऱ्हाडी, शाळेत हिंदी, आणि त्या पडद्यावर साऱ्या जगाचा गलबला. तुम्ही खाते उघडू लागता. पडदा विचारतो, जन्माचे वर्ष कोणते? तेरा वर्षे पूर्ण नसतील तर खाते उघडता येत नाही, असा इन्स्टाग्रामचा स्वतःचाच नियम आहे. तुम्ही तर दहा वर्षांच्या! शेजारची मैत्रीण सांगते, चार वर्षे मागचा आकडा टाक, चालून जाते. तुम्ही टाकता आणि चालून जाते.

त्या क्षणी काय घडले, याचा विचार तुम्ही कधी केला आहे काय? या नव्या दुनियेने तुमच्याकडून सर्वांत आधी मागितले ते तुमचे खरे वय. प्रवेशाचे शुल्क म्हणून तुम्ही तुमच्या आयुष्यातील चार वर्षे त्या उंबरठ्यावर ठेवली. आणि या मुलुखाला हे नवे आहे काय? लग्नाच्या मांडवात मुलीचे वय वाढवून सांगणारे काका-मामा आपण पाहिलेले नाहीत काय? शाळेचा दाखला लपवून, ‘अठरा भरली हो, दिसायलाच लहान आहे’ असे पोलिसांसमोर ठासून सांगणारे नातलग आपण ऐकलेले नाहीत काय? तेव्हा तुमचे वय दुसरे कोणी वाढवीत होते. आता तेच काम तुमच्याच बोटांकडून करून घेतले जाते, एवढाच काय तो काळाचा महिमा!

आत गेल्यावर तुम्हाला तुमच्याच वयाच्या मुली भेटतात. पण त्यांची कातडी फिल्टरने घोटलेली, ओठ रंगवलेले, डोळे मोठे केलेले, गाल कोरलेले. त्या वळतात कशा, बघतात कशा, मान कशी झटकतात, सारे कुठल्या तरी चित्रपटातील प्रौढ नायिकेवरून उचललेले. असे एक नाही, दोन नाही, शेकडो चेहरे दररोज तुमच्या डोळ्यांपुढून सरकतात, आणि मग अंगणातल्या नळावर तोंड धुताना, भिंतीवरच्या आरशात आपला सावळा, उन्हाने रापलेला, निरोगी, तेजस्वी चेहरा पाहून तुम्हाला आयुष्यात प्रथमच वाटते की आपल्यात काही उणे आहे. कोणी दिला हा निकाल? कोणत्या न्यायासनाने दिला? तुमच्या आजीने दिला नाही, तुमच्या बाईंनी दिला नाही. ज्याला तुमच्या असमाधानावर पैसा मिळतो त्याने तो दिला.

आणि हे त्याला ठाऊक आहे. २०२१ साली फ्रान्सिस हॉगन या स्त्रीने, जी फेसबुक कंपनीतच नोकरीला होती, कंपनीचे अंतर्गत कागद जगापुढे ठेवले. त्या कागदांत कंपनीच्याच संशोधकांनी नोंदवले होते की, किशोरींपैकी ३२ टक्के जणींच्या म्हणण्याप्रमाणे, आपल्या शरीराविषयी वाईट वाटत असताना इन्स्टाग्रामने ते दुःख अधिकच वाढवले. ही नोंद शत्रूची नव्हती, टीकाकाराची नव्हती, घरच्याच लेखणीची होती. ठाऊक असून दुकान चालूच राहिले! आपल्याकडे २९ जून २०२० रोजी सरकारने टिकटॉकवर बंदी घातली तेव्हा कित्येक घरांना वाटले, सुटलो. पंधरवडा उलटला नाही तोच इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणले. पाटी बदलली, गल्ला बदलला. कॅमेऱ्यापुढे उभी केलेली मुलगी तीच राहिली.

परंतु केवळ मोबाईलवर खापर फोडून मोकळे होण्याचा अधिकार आपल्याला नाही. मोबाईलच्या कितीतरी आधी टीव्हीने हा धडा गिरवून घेतलेला आहे. नृत्याच्या स्पर्धांत सहा-सात वर्षांच्या मुलींना प्रौढांच्या शृंगारगीतांवर, प्रौढांच्या हावभावांसह, प्रौढांच्या पोशाखात नाचवले गेले आणि परीक्षकांनी उभे राहून टाळ्या पिटल्या. हे इतके बोकाळले की १८ जून २०१९ रोजी केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाला खासगी वाहिन्यांसाठी सूचनापत्र काढावे लागले: नृत्याच्या कार्यक्रमांत मुलांना अशोभनीय, सूचक, त्यांच्या वयाला न साजणाऱ्या रूपात दाखवणे टाळावे. सरकारला हे लेखी सांगावे लागले, यातच आपल्या समाजाचा केवढा पराभव आहे! त्या पत्राला सहा-सात वर्षे झाली. आता आपल्याच गणपतीच्या, आपल्याच दुर्गादेवीच्या मांडवात संध्याकाळी काय चालते ते पाहा. डीजे लावलेला. मंचावर दुसरीतली, तिसरीतली पोर. ओठांना लाली, कंबरेला झगमगता पट्टा, आणि तिला अर्थही न कळणारे गाणे. खाली खुर्च्यांवर गावातले प्रतिष्ठित. कोणी दहाची नोट ओवाळून टाकतो, कोणी मोबाईलवर टिपून लगेच दुनियेला पाठवतो, आणि बाप अभिमानाने मान हलवतो. मागे देवीची मूर्ती! जिच्या नावाने नऊ दिवस अनवाणी चालतो, तिच्यासमोर तिच्याच लेकरांना आपण असे उभे करतो, याची लाज आपल्याला वाटू नये काय?

मी नृत्याच्या विरुद्ध बोलत नाही, हे नीट ध्यानात घ्या. नाचा! खूप नाचा, मनसोक्त नाचा. फुगडी घाला, लेझीम खेळा, वाटेल त्या ताला-सुरावर उड्या मारा. नृत्य हा तुमच्या देहाचा जन्मसिद्ध आनंद आहे. मात्र तो आनंद तुमचा असावा, बघणाऱ्याच्या नजरेसाठी बेतलेला नसावा. नऊ वर्षांच्या मुलीने नऊ वर्षांच्या मुलीसारखे नाचावे, एवढे मागणे अवाजवी आहे काय?

बाजाराचे तर काय सांगावे! गावच्या किराणा दुकानात, दोरीला लटकलेल्या पुड्यांमध्ये, चिप्स आणि गोळ्यांच्या शेजारी गोरेपणाचे मलम लोंबत असते. फेअर अँड लव्हली १९७५ साली बाजारात आले, आणि पंचेचाळीस वर्षे या देशातील सावळ्या मुलींना त्या नावाने हिणवून झाल्यावर २०२० साली त्याचे नाव ग्लो अँड लव्हली झाले. सावळ्या मुलीला नोकरी नाही, सावळ्या मुलीला मान नाही, सावळी मुलगी बापाला भार, अशा जाहिराती दूरदर्शन संचांतून घरोघर ओतल्या गेल्या. मात्र त्याच इतिहासात तुमच्यासाठी एक आशेची गोष्टही आहे. अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेच्या स्त्रियांनी या जाहिरातींविरुद्ध तक्रारी केल्या, पाठपुरावा केला, मानवी हक्क आयोगापर्यंत धडक दिली, आणि २००३ साली त्यांतल्या काही जाहिराती पडद्यावरून खाली उतरल्या. त्यांच्यामागे ना धनशक्ती होती ना सत्ता. एकत्र उभ्या राहिलेल्या स्त्रियांपुढे एवढी बलाढ्य कंपनी नमली!

आता मूळ दुखण्याकडे येते. तुम्हाला वाटेल, रील बनवली, लिपस्टिक लावली, त्याने असे काय आभाळ कोसळले? लिपस्टिकने काहीच कोसळत नाही. कोसळते ते पुढे. बाजार बारा वर्षांच्या मुलीला अठराची दिसायला शिकवतो, आणि रूढी तिच्याकडे पाहून म्हणते, ‘अठराची दिसते, आता उजवून टाका.’ बाजार तिला सांगतो, लोकांनी तुझ्याकडे पाहिले पाहिजे. रूढी तिच्या बापाला सांगते, लोक तिच्याकडे पाहू लागलेत, घराण्याचे नाक सांभाळ. बाजार तिचे चित्र चारचौघांत पसरवतो. रूढी त्याच चित्राचा पुरावा करून तिची शाळा बंद करते. एक ढकलतो, दुसरी ओढते, आणि मधल्या मुलीला वाटते की हे सारे आपल्याच चुकीने घडले! दिसायला हे दोघे एकमेकांचे वैरी. आजोबा मोबाईलला शिव्या देतात, मोबाईल आजोबांना मागासलेले ठरवतो. पण हिशेब मांडाल तर कळेल की दोघांचा नफा एकाच ठिकाणाहून येतो, तुमच्या आठ वर्षांतून. मध्य प्रदेशात २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २३ टक्के जणींचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. म्हणजे जवळजवळ प्रत्येक चार जणींत एक. तुमच्या वर्गातील बाके मोजा आणि पाहा, हा आकडा किती जवळ बसलेला आहे.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव जाम नदीच्या दोन काठांवरून एकमेकांवर दगड फेकतात. गोटमारीच्या मुळाशी कथा सांगतात ती एका मुलीचीच: सावरगावची मुलगी, पांढुर्ण्याचा मुलगा, दोघे नदी ओलांडत असताना दोन्ही काठांवरून झालेला दगडांचा वर्षाव. पिढ्यान्‌पिढ्या आपण दोन्ही गावांचे शौर्य गातो, जखमी झालेल्यांची नावे घेतो. ती मुलगी कोण होती, किती वर्षांची होती, तिला काय हवे होते, हे कथेत कोणीच विचारत नाही. आजही दोन्ही काठांवरून दगड चालू आहेत आणि मध्ये तुम्ही आहात.

ही आठ वर्षे तुम्हाला सहज मिळालेली नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी झगडणे तुमचे कर्तव्य आहे. १८६० च्या दंडसंहितेने मुलीच्या संमतीचे वय धरले होते दहा वर्षे. दहा! १८९१ साली ते बारा झाले, आणि त्या दोन वर्षांसाठी सारा महाराष्ट्र पेटला होता. लोकमान्य म्हणून गौरवलेले पुढारीसुद्धा त्या कायद्याच्या विरोधात उभे होते. १९२९ च्या सारडा कायद्याने मुलीच्या लग्नाचे किमान वय चौदा केले, १९४९ साली ते पंधरा झाले, १९७८ साली अठरा. दहापासून अठरापर्यंतचा हा प्रवास शंभराहून अधिक वर्षांचा आहे, आणि त्यातील प्रत्येक पायरीवर कोणा ना कोणा मुलीने आपले आयुष्य पणाला लावलेले आहे.

रखमाबाईचे नाव तुम्ही ऐकले आहे काय? अकराव्या वर्षी तिचे लग्न लावून दिले. मोठी झाल्यावर तिने त्या नवऱ्याकडे नांदायला जाण्यास नकार दिला. १८८४ साली नवऱ्याने मुंबईच्या न्यायालयात दावा लावला. १८८७ साली निकाल झाला: नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाई म्हणाली, तुरुंगात जाईन! अखेर तडजोड झाली, ती मोकळी झाली, लंडनला जाऊन डॉक्टर झाली आणि सुरत, राजकोट येथे आयुष्यभर स्त्रियांची सेवा केली. अकराव्या वर्षी जिचे वय कोणी विचारले नाही, तिने साऱ्या साम्राज्याला मुलीच्या वयाचा विचार करायला लावले. तिने जिंकून ठेवलेली वर्षे तुम्ही एका खोट्या जन्मसालापायी सोडून देणार काय?

या मुलुखातील शेतकऱ्याला मी एकच गोष्ट विचारते. संत्र्याचे कलम लावल्यावर पहिली चार-पाच वर्षे त्यावर तुम्ही फळ धरू देता काय? फूल आले तरी खुडून टाकता ना? झाडाची मुळे खोल जाऊ द्या, खोड जाड होऊ द्या, मग बहार धरू, असे म्हणता ना? कोवळ्या कलमावर बहार धरला तर झाड कायमचे खंगते, हे तुम्हाला कोणत्या कृषी अधिकाऱ्याने शिकवावे लागत नाही. झाडाला जो धीर देता तो लेकीला का देत नाही?

आणि बोरगावच्या कामगार बंधूंनो, तुम्हालाही विचारते. चौदा वर्षांखालील मुलाला कामावर घेता येत नाही, हे कारखान्याच्या फाटकावरच्या पहारेकऱ्यालाही ठाऊक असते. चित्रपटांत आणि मालिकांत काम करणाऱ्या मुलांना बालकामगार कायद्याच्या २०१६ च्या दुरुस्तीने सवलत दिली, तीसुद्धा नियमांनी बांधून: दिवसाला पाच तासांपेक्षा अधिक काम नाही, जिल्हा दंडाधिकाऱ्याची परवानगी हवी, कमाईतील किमान वीस टक्के मुलाच्या नावे बँकेत ठेव. मग तुमची दहा वर्षांची लेक रोज संध्याकाळी कॅमेऱ्यासमोर तासन्‌तास नटते, तिच्या चेहऱ्यावर जाहिराती विकल्या जातात, तिच्या वेळेवर परदेशातील कंपनी श्रीमंत होते, त्या श्रमाला कोणते फाटक आहे? कोणती सुट्टी? कोणता पगार? जो कामगार स्वतःच्या आठ तासांसाठी युनियनचा झेंडा हातात घेतो, त्याने लेकीच्या आठ वर्षांसाठी हात वर करू नये काय?

इथे काही मंडळी लगेच सरसावतील. म्हणतील, उपाय सोपा आहे, पोरींचे मोबाईल काढून घ्या! २०२२ साली यवतमाळ जिल्ह्यातील बांशी या गावाने अठरा वर्षांखालील सर्वांसाठी मोबाईलवर बंदीचा ठराव केला. हेतू मला वंद्य आहे. पण आपल्या घरांतील रीत मला ठाऊक आहे: बंदी सर्वांसाठी होते आणि अंमल केवळ मुलीवर होतो. भाऊ रात्री बारापर्यंत पडद्यात डोके खुपसून बसतो, आणि बहिणीच्या हातात दिसला की चापट. हा न्याय नव्हे, ही तिसरी लूट आहे. त्यापेक्षा सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव मला अधिक शहाणे वाटते. तिथे २०२२ पासून संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो, आणि दीड तास गावातील टीव्ही बंद, मोबाईल बंद. आजोबांचा बंद, सरपंचांचा बंद, भावाचा बंद, बहिणीचा बंद. मुले अभ्यासाला बसतात, मोठी माणसे एकमेकांशी बोलतात. नियम सर्वांना सारखा असला की त्यात मुलीचा अपमान नसतो. बोरगावला भोंग्याची ओळख कोणी करून द्यावी लागेल काय? जे गाव रोज कारखान्याच्या वेळेवर उठते-बसते, त्याला आपल्या लेकरांसाठी एक भोंगा जड नाही.

म्हणून मुलींनो, अपराधी भावना झटकून टाका. तुम्ही बिघडलेल्या नाही. तुमच्यावर अन्याय झालेला आहे. आणि ज्या माध्यमाने अन्याय केला तेच माध्यम हातात घेऊन उत्तर देण्याची परंपरा तुमच्याच पूर्वजांची, नव्हे, पूर्वकन्यांची आहे! १८५५ साली पुण्याच्या फुले दांपत्याच्या शाळेतील मुक्ता साळवे या विद्यार्थिनीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. शाळकरी मुलगी, आणि तिचा विचार छापखान्यातून समाजाच्या तोंडावर! तिची त्वचा कशी होती हे कोणी लिहून ठेवलेले नाही. तिने काय विचारले ते आजही अभ्यासले जाते. रखमाबाईनेही १८८५ साली ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ‘एक हिंदू स्त्री’ या नावाने पत्रे लिहिली तेव्हा बालविवाहाचे वाभाडे निघाले. १८९९ साली गोविंद बल्लाळ देवलांचे ‘संगीत शारदा’ आपल्याच राज्यातील इंदूरला प्रथम रंगभूमीवर आले आणि पैशासाठी पोरी म्हाताऱ्यांना विकणाऱ्या बापांना नाट्यगृहात बसवेनासे झाले. वृत्तपत्र असो, नाटक असो, मोबाईल असो, ते कोणाच्या हातात आहे आणि कोणासाठी बोलते आहे, हाच खरा प्रश्न आहे. आज ते तुमच्याविषयी बोलते. उद्या ते तुमच्याकडून बोलले पाहिजे.

आणि तुमचे स्वतःचे माध्यम तर तुमच्या अंगणातच आहे! भाद्रपदी पौर्णिमेला भुलाबाई बसते, कोजागिरीपर्यंत महिनाभर राहते. मातीची भुलाबाई, मातीचा भुलोजी, कोनाड्यात मांडलेले. रोज संध्याकाळी गल्लीतल्या मुली या घरून त्या घरी जातात, गाणी म्हणतात, टिपऱ्या खेळतात, आणि डब्यात दडवलेली खिरापत कोणती ते ओळखण्यासाठी कल्ला करतात. विचार करा, केवढी अपूर्व गोष्ट आहे ही! प्रेक्षक नाहीत, परीक्षक नाहीत, कोणी मोजत नाही, कोणी निवडत नाही. मुलींनी मुलींसाठी चालवलेला, कोणत्याही जाहिरातीविना शतकानुशतके तगलेला हा उत्सव आहे. मी जुन्याची आंधळी भक्ती सांगत नाही. त्या गाण्यांत सासू आहे, सासरची वाट आहे, लहान मुलीच्या तोंडी मोठ्या बाईची दुःखे आहेत. तीसुद्धा लवकर मोठे करण्याचीच एक रीत होती, हे मी जाणते. म्हणून चाल तीच ठेवा, शब्द नवे बांधा. शाळेचे गाणे बांधा, सायकलचे बांधा, गणिताच्या पेपरचे बांधा, सावळ्या रंगाचे बांधा, पोलीस होणाऱ्या मुलीचे, डॉक्टर होणाऱ्या मुलीचे बांधा. महिन्याभरात एका गल्लीने दहा गाणी बांधली तरी पुढच्या पिढीला एक वेगळी संपत्ती मिळेल. जमले तर तीच गाणी मोबाईलवर चढवा, मोठ्यांच्या खात्यावरून, तुमच्या खऱ्या वयाच्या उल्लेखासह!

एकटीने हे होणार नाही. एकटी मुलगी चेहऱ्यावर फिल्टर लावायची थांबली तर मैत्रिणी तिला हसतील. वर्गातील तीस जणींनी ठरवले तर हसणारा एकटा पडेल. एका आईने मांडवात पोरीला नाचवायला नकार दिला तर मंडळाची पोरे नाक मुरडतील. पन्नास आया एकत्र गेल्या तर मंडळालाच गाण्यांची यादी बदलावी लागेल. जगही आता मुलांना बाजारापासून वाचवण्याच्या दिशेने निघाले आहे. स्वीडनने बारा वर्षांखालील मुलांना उद्देशून टीव्हीवर जाहिराती दाखवण्यास १९९१ सालीच मनाई केली. ऑस्ट्रेलियाने नोव्हेंबर २०२४ मध्ये सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाती ठेवू न देण्याचा कायदा केला. आपल्याही देशाच्या २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळलेली संमती लागेल आणि मुलांना लक्ष्य करून जाहिराती करता येणार नाहीत, असे कलम आहे. कायदा कागदावर उतरला आहे. त्याला गावात उतरवणे आपल्या हातात आहे.

मायबहिणींनो, मध्य प्रदेशातील पंचायतींत निम्म्या जागा तुमच्या आहेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला; जिल्हाधिकारी आता छिंदवाड्याला नाहीत, हाकेच्या अंतरावर आहेत. लाडली लक्ष्मी योजना २००७ पासून चालू आहे, आणि एकविसाव्या वर्षी मिळणाऱ्या रकमेची अटच ही की लेकीचे लग्न अठराच्या आत झालेले नसावे. तुमच्या लेकीचे चित्र कोणी बदनामीसाठी वापरले, तिला कोणी धमकावले, तिचे लग्न कोणी चोरून ठरवले, तर १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक चोवीस तास उघडा आहे. तो तिच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. आणि सर्वांत आधी, तिच्या खात्यावरचे खोटे जन्मसाल तिच्या शेजारी बसून, न रागावता, हात न उगारता, खोडून टाका. तेरा वर्षांची झाली नसेल तर खाते बंद करा, आणि त्या संध्याकाळी आपलाही मोबाईल बाजूला ठेवून तिच्याशी बोला. रिकाम्या घरात लेकरू पडद्याशीच बोलेल, दुसरे काय करील?

शिक्षक हो, वार्षिकोत्सवाची गाणी तुम्ही निवडता. मंडळांच्या कार्यकर्त्यांनो, मंचावर कोणाला चढवायचे ते तुम्ही ठरवता. तुमच्यापैकी कोणीही आता असे म्हणू नये की हे आम्हाला ठाऊक नव्हते.

येत्या २ ऑक्टोबरला ग्रामसभा आहे. भुलाबाई तेव्हा तुमच्या अंगणात असेल, नवरात्राचे दिवसही आसपासचेच असतील. मुलींनो, तुम्हाला ग्रामसभेत मत नाही, पण तुमच्या मातांना आहे. आजच एका वहीच्या पानावर दोन ठराव लिहा. पहिला: आपल्या गावच्या कोणत्याही सार्वजनिक मंचावर लहान मुलींना प्रौढांच्या शृंगारगीतांवर नाचवले जाणार नाही. दुसरा: रोज संध्याकाळी दीड तास गावातील प्रत्येक पडदा बंद राहील, मुलग्यांचा आणि मुलींचा, लहानांचा आणि थोरांचा. त्याखाली गल्लीतल्या प्रत्येक आईची सही घ्या. साऱ्या जणी मिळून ग्रामसभेला जा, पुढच्या रांगेत बसा, आपल्या मातांकडून ते वाचून घ्या, आणि दोन्ही ठराव नोंदवहीत चढून त्यांवर सरपंचांची सही झाल्याखेरीज जागेवरून उठू नका.